गंगाधररावांनी न पुसलेले ठोके

गंगाधर तुपे यांच्याविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्या नावावर एक चूक नोंदली गेली आहे आणि ती माझी आहे.

गंगाधरराव कुणाला नमस्कार करत नसत, मनगट धरत. कॉलेजचे अधिष्ठाता असोत की चहावाला, नाडी हाताला लागल्यावरच बोलणं सुरू. आमच्या मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते, मूळचे सिल्लोडकडचे. वेळसुद्धा ते ठोक्यांत सांगत. जेवायला हाक मारली की उत्तर यायचं, "आलोच सर, आठशे ठोक्यांत."

आमचा विषयच तसा होता. निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं. शहरातल्या निरोगी माणसांच्या अशा नोंदी आम्ही घेत होतो. दुष्काळाची वर्षं होती. नव्या वसाहतींत नळ होते, पाणी नव्हतं. चाचणीला आलेल्या बाईला गंगाधरराव आधी विचारत, "मावशी, टँकर येऊन गेला का?" नाही म्हटलं की परत पाठवत. मी चिडलो की म्हणत, "सर, तिचं काळीज गल्लीत पळतंय. इथं काय मोजता?"

नोंदी तपासायचं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. वायर हलली किंवा माणूस खोकला की आलेखात खोटा ठोका उमटतो. असा प्रत्येक ठोका ते स्क्रीनला पट्टी लावून बघत आणि मगच ठेवायचा की काढायचा ते ठरवत. एका माणसाला अर्धा दिवस लागे.

मग मी परदेशी सॉफ्टवेअर आणलं. त्यात आपोआप दुरुस्तीची सोय होती: सौम्य, मध्यम, कडक. वेडावाकडा ठोका दिसला की ते तो काढून तिथं सरासरीचा बसवी. माझं बढतीचं वर्ष होतं. मी 'कडक' निवडलं.

आलेख बघून गंगाधरराव म्हणाले, "लई सपाट झालं, सर. ह्यात माणूस कुठंय?"

"तुम्ही माणूस शोधत बसा, मला निबंध पाठवायचाय," मी म्हणालो.

शोधनिबंध छापून आला, आकडे फार सपाट असल्याच्या शंका निघाल्या, चौकशी बसली. दुरुस्ती कुणी लावली, असं समितीने विचारलं. मी म्हणालो, "संगणक गंगाधरराव बघतात."

ते दाराशीच उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्हय साहेब. माझ्याकडूनच झालं असंल."

त्यांना भांडारात पाठवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथं काचेच्या नळ्या मोजत राहिले. मला बढती मिळाली.

पुढे मीही निवृत्त झालो आणि एका दुपारी त्यांच्या मुकुंदवाडीच्या घरी गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. आत प्रयोगशाळेतून भंगारात निघालेला जुना संगणक चालू होता. स्क्रीनवर एक आलेख.

"ही आमची मंडळी, सुमन," ते म्हणाले. "तुमच्या अभ्यासात आली होती, माझी कोण ते तुम्हाला नव्हतं सांगितलं. पुढं दोन वर्षांत गेली. बघा, मधूनच एक ठोका सोडते. आन् हे वाकडंतिकडं दिसतंय ना, हिथं हसली. मी म्हणलं हलू नको, तर लईच हसली."

नव्या सॉफ्टवेअरने ते हसू काढून तिथं सरासरी बसवली होती.

"सर, हा डबा आता बंद पडायला आलाय. तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये हिची फाइल उघडंल का?"

"उघडेल," मी म्हणालो. "दुरुस्ती बंद ठेवली की."

"ठेवाल ना बंद?"

"ठेवीन."

फाइलची प्रत घेऊन मी निघालो. फाटकापर्यंत ते सोडायला आले. "काही म्हणत होता का, सर?"

"नाही. फाइल उघडली की येतो."

कॉलेजात जाऊन, दुरुस्ती बंद ठेवून फाइल उघडली. हसू जागच्या जागी होतं. ते सांगायला गेलो, तर दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "काका गेले की. आठ दिस झाले. काय काम व्हतं?"

"माफी मागायची होती," मी कुलपाकडे बघत म्हणालो.