विभाग पाहण्याचा कार्यक्रम

प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला, तरी रागिणीच्या काकांचा, किसनरावांचा होकार आला नव्हता. रागिणीला अमरावतीजवळच्या एका नव्या विद्यापीठात डेटा ॲनालिटिक्सचं एम.एस्सी. करायचं होतं. वडील गेल्यापासून घरातला होकार काकांकडे आला होता. काकांनी आजवर अकरा लग्नं जमवलेली. त्यांची पद्धत ठरलेली होती.

"पाह्यल्याबिगर हो म्हनत नसतो मी. चाल."

अकोल्याहून सकाळच्या गाडीनं दोघं निघाली. विद्यापीठात शिरल्यावर काका भलत्याच दाराकडे वळले.

"काका, आपलं डिपार्टमेंट तिकडं हाय."

"मालूम हाय. घराची चौकशी घरात करतेत का? शेजाऱ्याले इचारा लागते."

शेजार संख्याशास्त्राचा होता. त्यांच्या दोन खोल्या या नव्या विभागानं घेतल्या होत्या. तिथल्या बाबूंनी शेजारधर्माला जागून तासभर माहिती दिली. काकांनी ती डायरीत उतरवली. मग जिना झाडणाऱ्या मैनाबाईंना गाठलं.

"दुसऱ्या वर्षाले पोरं दिसतच नाई इथं," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. "ज्या घरात सुना टिकत नाई, त्या घरात..."

"त्याईले नोकऱ्या लागतेत, काका," रागिणी म्हणाली. "म्हनून जातेत."

"थे बी इचारू."

डायरीवाला माणूस चौकशी करतोय, ही बातमी त्यांच्याआधी विभागात पोचली. तपासणी समिती पुढच्या आठवड्यात यायची होती. समितीतला एकजण न कळवता आधीच आला, असं विभागप्रमुख शेखर सरांनी ताडलं आणि ते जिन्यातच हात जोडून उभे राहिले.

"या, सर. आधी चहा घेऊ."

"नाई. गोष्ट पक्की होईस्तोवर आमी पान्यालेही हात नाई लावत."

चहा नाकारणारा तपासनीस शेखर सरांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी लगबगीनं दोघांना आपल्या खोलीत नेऊन बसवलं.

"कॉम्प्युटरच्या मशिनी किती?" काकांनी विचारलं.

"चाळीस."

काकांनी डायरीचं पान उलटून नुसतं पाहिलं.

"म्हणजे चालू तीस," सर म्हणाले. काका अजून पानाकडेच पाहत होते. "बावीस."

"मास्तर?"

"सहा. त्यातले दोन नेमायचे आहेत. एक फक्त सोमवारी येतात." मग सर थांबेचनात. प्रोजेक्टर बिघडलेला, ग्रंथालयाला कुलूप, माहितीपत्रकातला लॅबचा फोटो दुसऱ्याच कॉलेजचा. मागे बसलेली रागिणी सवयीनं वहीत टिपत गेली.

"अन् दुसऱ्या वर्षाची पोरं?"

"नोकरीला लागतात, सर. तेवढं मात्र खरं आहे. नेमणुकीची पत्रं दाखवतो."

काकांनी पत्रं एकेक करून वाचली आणि डायरी मिटली. "अकरा सोयरिकी केल्या. पन पोराचे दोष सोताहून सांगनारा बाप आजच भेटला. आपला होकार हाय. रागिणी, भर फारम."

"फॉर्म?" सर म्हणाले. "आपण समितीचे ना?"

"कोन्ती समिती? मी पोरीचा काका."

शेखर सरांनी रागिणीकडे आणि तिच्या उघड्या वहीकडे पाहिलं.

"जागा एकच उरलीय. मुलाखत होईल. प्रश्नही एकच. मी आत्ता किती दोष सांगितले?"

रागिणीनं वही चाळली. "सतरा. त्यातले चार दोनदा आलेत, म्हणून तेरा. आणि मशिनींचा आकडा तुम्ही दोनदा बदलला, सर."

शेखर सरांनी फॉर्म पुढ्यात ओढला आणि स्वतःच भरायला घेतला.

"प्रवेश पक्का," ते मान वर न करता म्हणाले. "वही मात्र विभागात जमा करावी लागेल."