दरवाजा, पाटी आणि दुपारी एक ते तीन

लढाई शौर्याने जिंकली जाते असं ज्यांचं म्हणणं होतं, ते सगळे लढाईत मेले. मागे उरले ते इतिवृत्त लिहिणारे. हे सत्य जर्मनीच्या श्वाबेन प्रांतातल्या खालच्या डिंकेलबाख गावाला फार आधी उमगलं होतं. म्हणूनच तिथल्या सात जणांनी मध्ययुगीन युद्धाचा संगणकी खेळ एकत्र खेळायचं ठरवलं तेव्हा पहिली तलवार उपसायच्या आत रीतसर संस्था नोंदवून टाकली. घटना एकतीस कलमांची. कलम चार: लढाईत उतरण्याचा ठराव चौदा दिवसांच्या लेखी सूचनेने मांडावा, त्यास अनुमोदक असावा. कलम नऊ: उकळतं तेल ओतण्यापूर्वी खाली आपला सभासद उभा नाही याची खात्री करावी (हे कलम अनुभवातून आलं आहे). पाच वर्षांत संस्थेने तीन लढाया केल्या आणि एकशे बारा बैठका घेतल्या. लढायांपैकी दोन हरली; बैठक एकही हरली नाही.

संस्थेचं धान्यकोठार आनेली ग्लेम्सर या सभासद बाईंच्या किल्ल्यात होतं, आणि ते योग्यच होतं. आनेलीला नऊ महिन्यांची मुलगी होती, फ्रिट्झी. बाळ झोपलं की तिचे श्वास मोजायचे आणि बाळ उठलं की कोठारातली पोती मोजायची, असा आनेलीचा दिनक्रम. इतकी जागरूक कोठारवाली युरोपच्या खऱ्या मध्ययुगालाही लाभली नसेल. किल्ल्याचा पाया तिने पोटुशी असताना घातला, शेवटचा बुरूज फ्रिट्झीला एका हाताने पाजताना चढवला. किल्ला पडला की हा खेळ आपल्याला एक झोपडी आणि तीन शेळ्या देतो, आणि वर्षभराचं काम पहिल्यापासून सुरू करायला सांगतो. नऊ महिन्यांच्या मुलीच्या आईकडे असं दुसरं वर्ष शिल्लक नसतं.

त्या शनिवारी दुपारी आनेलीने गवताच्या गाड्या आत घ्यायला किल्ल्याचा मुख्य दरवाजा उघडला, तेवढ्यात फ्रिट्झी रडली, आणि आनेली उठून गेली. परतली ती डाव्या हातावर झोपलेलं बाळ घेऊन. फ्रिट्झी डाव्या हातावरच झोपत असे. खाली ठेवली की चाळीस सेकंदांत उठे (प्रयोग सतरा, निष्कर्ष सतरा). आणि नेमकं तेव्हाच टेकडीवर शेजारच्या गावाचं, वरच्या डिंकेलबाखचं सैन्य दिसलं. तीनशे चाळीस पायदळ, दोन गोफणयंत्रं, चाकांवरचा एक लाकडी मनोरा. सेनापती ओटमार क्नाउस, निवृत्त भूमापक, मसुराची आमटी आणि शेवया जेवून ताजेतवाने.

किल्ला लढवायला दोन हात लागतात. आनेलीपाशी एकच होता. तिने कुजबुजत संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. ट्राउटवाइनसाहेब मनापासून हळहळले. सूचना आजच काढतो म्हणाले, म्हणजे बैठक पुढच्याच्या पुढच्या शनिवारी.

"तोवर धीर धरा, ग्लेम्सरबाई," ते म्हणाले. "आणि मुद्दे लेखी पाठवा."

उजव्या हाताने एक गोष्ट करता येत होती. दरवाजावर किल्ल्याच्या नावाची पाटी असते. आनेलीने नाव पुसलं आणि लिहिलं: दुपारची विश्रांती, एक ते तीन. बाळ झोपलं आहे. आवाज करू नये. खाली संस्थेचा गोल शिक्का उमटवला.

(वाचकांनीही पुढचा परिच्छेद मनातल्या मनात वाचावा.)

सैन्य खंदकापर्यंत आलं आणि थांबलं. आनेलीच्या कानातल्या हेडफोनमध्ये क्नाउससाहेबांचा दबका आवाज आला.

"ग्लेम्सरबाई, ही पाटी अधिकृत आहे का?"

"शिक्का आहे ना."

शिक्का तपासला गेला.

"मग तीनपर्यंत थांबतो. यंत्रांची चाकं करकरतात, ती जरा मागे नेतो. मुलगा की मुलगी?"

"मुलगी. दात येताहेत."

"अरेरे. आमच्या नातीला चघळायला सुकं मूळ द्यायचो. उकळून घ्या मात्र."

तीनशे चाळीस शिपायांनी बूट काढले आणि ते गवतावर बसले.

तीनला पाच मिनिटं उरली. फ्रिट्झी गाढ झोपेत (घरगुती विक्रम). मग आनेलीला जिन्यातली लाकडी पाटी आठवली. तिच्या इमारतीत केर-आठवड्याची पाटी दारोदार फिरते. ज्याच्या दाराला ती लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना आणि अंगण झाडायचं, शनिवारी संध्याकाळच्या आत. त्या प्रांतात लोकांनी नवरे नाकारले आहेत, वारसाहक्क नाकारले आहेत; ही पाटी आजवर कुणी नाकारलेली नाही. आनेलीने खेळात तशीच एक पाटी लिहिली, किल्ल्यातल्या गुराखिणीच्या हाती दिली आणि शत्रूच्या मनोऱ्याला लटकवून घेतली.

तीन वाजले. क्नाउससाहेबांनी पाटी वाचली आणि लांब सुस्कारा सोडला.

"आज शनिवार. म्हणजे आजच."

"संध्याकाळपर्यंत," आनेली म्हणाली.

"खंदकाची कड मागच्या वेळी कुणी झाडली होती?"

"कुणीच नाही."

"ते दिसतंय," क्नाउससाहेब म्हणाले, आणि त्यांनी हुकूम सोडला.

इतिहासात इतक्या शिस्तीचा वेढा पडला नसेल. पूल झाडला, वाट झाडली, कोपरे वाकून झाडले. मग कचऱ्याचं वर्गीकरण. गोफणयंत्राचे दगड 'दगडमाती'त गेले, शिड्या 'जुनं लाकूड'मध्ये, बाण टोक आणि दांडा वेगळे करून दोन पेट्यांत. सगळं गाड्यांत भरून संकलन केंद्राकडे रवाना झालं. आनेली एकेक झाडू मोजत होती. दोनशे अकराव्या झाडूला तिचा डोळा लागला.

पावणेपाचला फ्रिट्झीने तिचा हेडफोन ओढला. आनेली दचकून पडद्याकडे झेपावली. बुरूज उभे. पोती चार हजार आठशे बारा, मोजून तितकीच. बाहेरची जमीन अशी लख्ख, की बदकं पाय टाकायला बिचकत होती. केर-आठवड्याची पाटी तिच्या दरवाजाच्या कडीला परत लटकवलेली, सोबत चिठ्ठी:

'काम पूर्ण. पुढचा आठवडा आपला. उद्या रविवार, सोमवारी मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. मंगळवारी सोयीचं असल्यास हल्ला करू. दगड जमवावे लागतील. आपला, क्नाउस. ता. क.: आपला मुख्य दरवाजा दुपारभर सताड उघडा होता. वाऱ्याने आपटून बाळ उठेल म्हणून हलकेच लोटून घेतला आहे.'

आनेलीने चिठ्ठी दोनदा वाचली, बाळाला घट्ट धरलं आणि एवढं हसली की फ्रिट्झीही हसायला लागली, नवा दात दाखवत.

क्नाउससाहेबांच्या भोळेपणाला जे वाचक हसले, त्यांच्या माहितीसाठी: दरवाजा उघडल्याचं वर तिसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात नमूद केलं होतं, आणि बंद केल्याचं कुठेही नाही. आपणही त्याच दरवाजाशी आलात, पाटी वाचलीत आणि मुकाट्याने बाहेर थांबलात. काही जणांनी तर पुढचा परिच्छेद मनातल्या मनात वाचला.

झाडू कोपऱ्यात आहे.