सर्व म्हणजे सर्व

फ्रिज आला आणि स्वयंपाकघराच्या दारात अडकला. श्यामसुंदररावांनी कोपऱ्याची मापं दोनदा घेतली होती. दाराचं माप घ्यायचं राहिलं, कारण त्यांच्या मते दार हे माणसांसाठी असतं.

"काका, आडवा करून नेऊ का?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"आडवा करायचा नाही. सोबतच्या पुस्तकात लिहिलंय. आपण वाचलं नसेल."

शेवटी फ्रिज बाहेरच्या खोलीत, मुख्य दाराशेजारच्या बटणांच्या बोर्डाजवळ उभा राहिला. त्या बोर्डावर श्यामसुंदररावांच्या वळणदार अक्षरातली पाटी होती : 'बाहेर पडताना सर्व बटणे बंद करावीत. सर्व म्हणजे सर्व.' निवृत्त मुख्याध्यापकांचं घर होतं, पाटी असणारच.

मंदाकिनीबाईंनी हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि त्या आटवलेल्या दुधाचं पातेलं घेऊन आल्या. "लावा आता चालू."

"आज रात्री. पुस्तकात म्हटलंय, आल्यावर काही तास स्वस्थ उभा ठेवावा. प्रवासाने दमलाय तो."

"मी आयुष्यभर राबतेय, मला नाही कधी म्हणालात दमलीस म्हणून!"

"तुझ्याबरोबर पुस्तक आलं नव्हतं."

मंदाकिनीबाईंचा जीव खालीवर होत होता, तो फ्रिजसाठी नव्हे. उद्या तनया येणार होती. ही अकोल्याची मुलगी हडपसरच्या आयटी कंपनीत त्यांच्या मुलाच्या, आमोदच्या, शेजारच्या टेबलावर बसायची आणि आता आमोदला ती जन्मभर शेजारी हवी होती. वडिलांचं उत्तर एवढंच होतं, "मुलीला शिस्त असेल तर बघू. नसेल तर चहा पाजून पाठवू." म्हणून बाईंनी सगळी भिस्त आंब्याच्या आईस्क्रीमवर ठेवली होती. गोड तोंडाने माणूस जरा कमी नकार देतो, असा त्यांचा अनुभव होता.

फ्रिज रात्री उशिरा सुरू झाला. सकाळी तनया आली तेव्हा आईस्क्रीम जेमतेम धरलं होतं.

"आपण फ्लॅट बघून येऊ," आमोद म्हणाला. "तोवर मस्त सेट होईल."

फ्लॅट धायरीला होता, आमोदने नुकताच बुक केलेला. सगळे निघाले. श्यामसुंदरराव नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी जिना उतरले आणि खालून "चला, चला" करत राहिले. फ्लॅट बघून झाला, पण येताना सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीने आपला हिसका दाखवला. घरी पोचेपर्यंत दुपार कलली आणि सगळ्यांच्या पोटात कावळे कोकलू लागले.

मंदाकिनीबाईंनी फ्रीजर उघडला आणि त्या किंचाळल्या. डब्यातलं आईस्क्रीम हलवलं तर लाटा येत होत्या.

"अहो, नवा फ्रिज बिघडला!"

"मला वाटलंच. दुकानदाराला फोन लावतो. असं फैलावर घेतो की..."

"बाबा, थांबा," आमोद बोर्डाकडे बघत म्हणाला. "बटण बंद आहे."

मंदाकिनीबाईंनी सवयीने नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मी खाली होतो!"

"काका, मी केलं," तनया म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मी शेवटी निघाले ना. ती पाटी दिसली. फ्रिजचं बंद करू की नको, खूप विचार केला. पण खाली लिहिलं होतं, सर्व म्हणजे सर्व."

आमोदने डोळे मिटले. झालं, संपलं! मंदाकिनीबाईंना तर रडूच आलं. आईस्क्रीमबरोबर सूनही वाहून गेली होती.

श्यामसुंदरराव पाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला.

"तू पाटी वाचलीस?"

"हो."

"पूर्ण?"

"हो, काका. सॉरी."

"सॉरी कशाला?" ते मुलाकडे वळले. "आमोद, हिच्या वडिलांचा नंबर दे. आणि मंदाकिनी, वाट्या आण, पिऊ आपण ते आईस्क्रीम." त्यांनी खिशातलं पेन काढून तनयापुढे धरलं. "पाटीवर खाली लिही, 'फ्रिज सोडून'. अक्षर सुवाच्य येऊ दे."

"कमाल आहे!" मंदाकिनीबाई डोळे पुसत फणकारल्या. "इतक्या वर्षांत मला कधी त्या पाटीला हात लावू दिला नाहीत!"

"तू ती कधी वाचली होतीस?"