माता प्रत्येक घरी येतील

सोमवारी साडेतीनला शाळेचं बातमीपत्र छापायला जायचं होतं आणि सव्वातीनला योगिनी टीचर स्टाफरूमच्या खिडकीतून फ्लेमिंगो मोजत उभी होती. डिसेंबर नुकता लागला होता. पहिला थवा आदल्याच दिवशी खाडीत उतरला होता. चौदापर्यंत मोजणी आली की एखादा पक्षी उडून जागा बदलायचा आणि योगिनी पुन्हा एकपासून सुरू करायची.

"योगिनी, मराठी पान झाला?"

दारात मुख्याध्यापिका सिस्टर लुर्दिना उभ्या होत्या. त्या मूळच्या मंगळूरच्या. वीस वर्षं नवी मुंबईत काढून त्यांनी मराठी आपलीशी केली होती, फक्त पान पुल्लिंगी की नपुंसकलिंगी असले प्रश्न त्यांनी देवावर सोपवले होते.

"झालंच सिस्टर. शेवटची बातमी राहिलीय."

"नीट कर हां. मदर येणार. तुझं कन्फर्मेशनचा कागदपण मदरच्याच सहीने होणार."

सीवूड्सच्या खाडीकडच्या टोकाला असलेल्या या सिस्टरांच्या प्राथमिक शाळेत योगिनी तिसरीला मराठी शिकवायची. जूनमध्ये लागली होती, नोकरी अजून कायम झाली नव्हती. कोपरखैरण्याहून रोज दोन बस बदलून यायची आणि महिन्यातून दोनदा तरी तंद्रीत पुढच्या स्टॉपवर उतरायची. काम मात्र जीव लावून करायची. बातमीपत्र इंग्रजीत सिस्टर लिहायच्या, मराठी पान योगिनी करायची. आजही तिनं नाताळच्या गव्हाणी सजवण्याच्या स्पर्धेची बातमी केली, मग नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या जांभळ्या मेणबत्तीची केली, आणि जांभळा उजेड नेमका कसा पडत असेल याचा विचार करण्यात तिची दहा मिनिटं गेली.

शेवटची बातमी मदर युस्टेशियांची होती. या भागातल्या सगळ्या सिस्टरांच्या त्या प्रमुख. शाळेतली मुलं लाल, निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या अशा चार हाउसमध्ये वाटलेली होती आणि मदर गुरुवारी-शुक्रवारी प्रत्येक हाउसला भेटणार होत्या. इंग्रजीत साधं वाक्य होतं. खिडकीबाहेर पंधरावा फ्लेमिंगो मान बाहेर काढत होता. योगिनीच्या हातानं मदरची माता केली, हाउसचं घर केलं आणि लिहून टाकलं:

'येत्या गुरुवारी व शुक्रवारी माता प्रत्येक घरी येतील. सर्वांनी स्वागताची तयारी ठेवावी.'

वाचून तिला ते फार छान वाटलं. साडेतीनला पान छापायला गेलं. संध्याकाळी शाळा सुटली तेव्हा ते दोनशे दहा दप्तरांतून आणि पालकांच्या सगळ्या ग्रुपांवरून घरोघर पोचलं.

मंगळवारी शाळा सुटताना फाटकाशी जमुनामावशी उभी होती. तिसरीतल्या उन्नतीची आजी. राहणार करावे गावात, हयात खाडीतली मासळी विकण्यात गेलेली. आज मात्र तिच्या हातात टोपली नव्हती.

"टीचर, ता पेपरान लिवलंय ता खरा हाय?"

"कुठलं मावशी?"

"माता येनार ता."

"हो तर! गुरुवारी." योगिनीच्या डोळ्यांपुढे मदरच्या स्वागताचं गाणं होतं. त्यातलं दुसरं कडवं मुलांना काही केल्या येत नव्हतं.

"कवा यील?"

"नऊपासून सुरुवात."

"संगतीला कोन?"

"सिस्टर असतील. मीपण असेन."

"आनि काय करून ठेवू? नारल, पेढे?"

"छे हो मावशी, काही नको. एखादं फूल दिलंत तरी खूश होतील."

जमुनामावशीनं तिथंच फाटकाशी हात जोडले. तिच्या घरात मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट बसायचा, कलशावर लक्ष्मीचा मुखवटा चढायचा आणि घरात मासळी यायची नाही. शिवाय दर सप्टेंबरला ती न चुकता वांद्र्याच्या मोत माउलीला, डोंगरावरच्या चर्चमधल्या मातेला, मेणबत्ती लावून यायची. तीच माउली आता मार्गशीर्षातला गुरुवार बघून स्वतः दारात येणार होती, आणि तसं शाळेनं छापून दिलं होतं. आणखी काय पुरावा पाहिजे? संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीनं अंगणं झाडायला काढली.

बुधवारी सकाळी शाळेच्या ऑफिसातला फोन वाजायला लागला. तो उचलायला क्लार्क आशुतोष होता. आशुतोष मनानं चांगला, पण आजाराच्या बाबतीत हळवा. कुणी शिंकलं की तो आधी स्वतःचं कपाळ चाचपायचा.

"हॅलो, दुसरी ब. उद्या पोरीला नाय पाठवत, घरी माता येनारे."

"माता? कधी निघाली?"

"निघाली नाय अजून. उद्या येनार."

आशुतोष चक्रावला. कांजिण्यांना त्याच्या आजोळी माता म्हणत. पण माता एक दिवस आधी कळवून येते हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"पण उद्याच येणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"शालेनंच सांगितलं ना!"

दुपारपर्यंत असे त्रेसष्ट फोन झाले. कुणाकडे सकाळी येणार होती, कुणाकडे संध्याकाळी. तुर्भ्याहून एका बापानं तर "आमच्याकडं आधी आली तर बरं, माझी सेकंड शिफ्ट आहे," अशी विनंती केली. आशुतोषनं तोंडाला रुमाल बांधला आणि जवळच्या आरोग्य केंद्राला फोन लावला.

गुरुवार उजाडला. दोनशे दहापैकी एकाहत्तर मुलं आली. हिरव्या हाउसमध्ये पाच मुलं आणि एक फलक होता. फलक धरायला चौघं लागायची, त्यामुळे स्वागताचं गाणं म्हणायला एकटा उरला आणि तो दुसऱ्या कडव्याला अडला. सिस्टर लुर्दिना व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. बरोबर नऊ वाजता मदरची गाडी आली. मदर युस्टेशिया बहात्तर वर्षांच्या. ठेंगण्या, पांढऱ्या साडीतल्या, गुडघे धरून एकेक पायरी चढणाऱ्या. त्यांना खोलीत बसवून चहा दिला, तोच आरोग्य केंद्राच्या मीनाताई मास्क लावून, हातात फॉर्मचा गठ्ठा घेऊन फाटकात हजर झाल्या.

"माता आलीय ना इथं?"

सिस्टर चकित झाल्या. बातमी एवढी पसरली? "हो, आत्ताच आली. चहा घेते."

"चहा घेतेय? ताप किती आहे?"

"ताप नाय. गुडघा दुखतो."

"अंगावर काही उठलंय का?"

"असं काय विचारता हो? बहात्तर वर्षांची आहे ती!"

"या वयात!" मीनाताईंनी फॉर्मवर घाईघाईनं काही खरडलं. "बाकीच्यांपासून लांब ठेवा हां. निदान आठ दिवस."

हा घोळ योगिनी व्हरांड्यातून ऐकत होती. आपला याच्याशी काही संबंध असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तेवढ्यात फाटकाबाहेर ढोल वाजला. उन्नतीचा बाप मिथुन मासळीचा टेम्पो घेऊन आला होता. टेम्पो इतका धुतला होता की ओळखू येत नव्हता. मागे झेंडूच्या माळा, केळीचे दोन खांब आणि मधोमध मखमली खुर्ची.

"टीचर, आयनी पाठवलंय. मूर्ती कुठं ठेवलीय? आपन हळू नेऊ, टेन्शन नाय. पयली आमची आळी, मंग बाकीची घरं."

"कसली मूर्ती, मिथुनभाऊ?"

मिथुननं खिशातून चार घड्या घातलेलं बातमीपत्र काढलं. शेवटच्या बातमीला कुंकवाचं बोट लागलेलं होतं.

योगिनीनं वाचलं. पुन्हा वाचलं. माता. प्रत्येक. घरी. पायाखालची फरशी कुणी तरी हळूच ओढून घेतल्यासारखं तिला वाटलं. सहा महिन्यांत तिची तंद्री इतकी लख्ख कधीच उतरली नव्हती.

मग सगळ्यांनाच एकदम कळलं. सिस्टर लुर्दिनांचा चेहरा त्या पहिल्या मेणबत्तीच्या रंगाचा झाला. "योगिनी! हे काय केला तू? मेमो! आज मेमो निघणार!" मीनाताईंनी मास्क काढला आणि हसू दाबायला पुन्हा लावला. चूक निस्तरायची म्हणून आशुतोषनं तातडीनं सगळ्या ग्रुपांवर कळवलं: 'कोणाच्याही घरी माता येणार नाही. घाबरू नये.' मिनिटभरात फोन पुन्हा सुरू झाले. घाबरलेलं कुणीच नव्हतं, भडकलेले सगळे होते. आमच्याच घरी का येणार नाही? आम्ही काय कमी केलं? खालच्या मजल्यावाल्यांकडे जाणार असेल, त्यांची ओळख आहे!

या गलक्यात मदर युस्टेशिया बाहेर आल्या. "काय झालं?"

योगिनीच पुढे झाली. तिनं बातमीपत्र त्यांच्या हातात दिलं. "मदर, माझी चूक झाली. हाउस म्हणजे आपले ते चार गट, आणि मी… घर लिहिलं. लोक वाट बघतायत. पहाटेपासून."

मदर वसईच्या. मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि ती ओळ सावकाश, शब्दावर बोट ठेवत वाचली. वाचून झाल्यावरही बोट 'घरी' या शब्दावर राहिलं.

"सिस्टर होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली मला," त्या म्हणाल्या. "शाळा बघितल्या, हॉस्टेलं बघितली, दवाखाने बघितले. सगळीकडे फीत कापायला कात्री तयार असते. घरी मात्र मला कुणी बोलावलं नाही."

"पण मदर, हाउसेस हॉलमध्ये थांबलीत," सिस्टर म्हणाल्या.

"त्यांना उद्या भेटते. उद्या मुलंही जास्त असतील." मदर टेम्पोकडे निघाल्या. मखमली खुर्चीवर चढणं काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्या पुढे मिथुनशेजारी बसल्या आणि योगिनीला हाक मारली. "तू चल गं. पत्ते तुलाच माहीत. पुढल्या वर्षीही शाळेत राहा, एका दिवसात एवढी घरं व्हायची नाहीत."

सिस्टरांनी मेमोसाठी उघडलेलं पेन हळूच बंद केलं.

करावे गावात आळीच्या तोंडापासून रांगोळी होती. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून ताटं घेऊन उभ्या होत्या. टेम्पो थांबला, मागची खुर्ची रिकामी दिसली आणि ढोल आपोआप मंदावला. दार उघडून आधी एक साधी चप्पल खाली आली, मग दुसरी, मग गुडघा धरत मदर.

योगिनीनं जमुनामावशीसमोर एका दमात सगळं सांगून टाकलं. "मावशी, मूर्ती नाही येणार. माझं लिहिताना चुकलं. या आमच्या मदर आहेत. तुम्ही रागवा मला, पण त्यांना…"

जमुनामावशीनं मदरला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मूर्ती आली असती त निवद तसाच रायला असता," ती म्हणाली. "ही जेवंल तरी. ये गो बाय, आत ये."

मदरला पाटावर बसता येईना म्हणून खुर्ची दिली. समोर घट मांडलेला. मुखवट्याच्या नथीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. जमुनामावशी ओटीचं ताट घेऊन आली आणि पांढऱ्या साडीकडे बघून थबकली. ताट मागेही नेववेना, पुढेही करवेना. शेवटी तिनं खालच्या आवाजात विचारलं, "बाय, तुजे… धनी हायेत?"

योगिनीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मदरनं शांतपणे उजवा हात पुढे केला. बोटात व्रत घेताना प्रभूच्या नावानं घातलेली चांदीची साधी अंगठी होती, झिजून तारेसारखी झालेली.

"आहेत," त्या म्हणाल्या. "एकदा गेले होते. तिसऱ्या दिवशी परत आले."

जमुनामावशीनं क्षणभर विचार केला. गेलेला धनी परत आणणारी बाई तिनं पोथीत ऐकली होती, समोर कधी पाहिली नव्हती. "मंग त जन्माची सवाशीन तू!" म्हणत तिनं पदरात नारळ घातला, तांदूळ घातले, आणि आळीतल्या बायका पायावर डोकं ठेवायला एकमेकींना ढकलू लागल्या. मदरनं एकीलाही वाकू दिलं नाही. प्रत्येकीचे हात हातात धरून नाव विचारलं.

मग त्या जेवल्या. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, खीर. पहिल्या घासाला थांबल्या आणि बराच वेळ नुसत्या ताटाकडे बघत राहिल्या. योगिनीला वाटलं, तिखट झालं. पण त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली, तिसरी अर्धी घेतली, आणि हात धुऊन पुन्हा खुर्चीत टेकल्या. खाडीवरून गार वारा येत होता. बोलता बोलता त्यांची मान कलली.

बाहेर पुढची अकरा घरं ताटं घेऊन ताटकळली होती. मिथुन दोनदा डोकावून गेला. जमुनामावशीनं ओठांवर बोट ठेवून त्याला पिटाळलं. आळीतला ढोल कधीच थांबला होता. कुणी तरी कोंबड्यासुद्धा हाकलल्या. योगिनी उंबऱ्याशी बसून राहिली. उठवावं की नाही याची जबाबदारी आपली आहे असं तिला वाटत होतं, आणि उठवायचा धीर होत नव्हता.

बऱ्याच वेळानं मदर थोड्याशा हलल्या. डोळे मिटलेलेच होते. भांडी घासायला वाकलेल्या जमुनामावशीच्या बांगड्यांचा आवाज त्यांच्या कानावर गेला असावा. त्या पुटपुटल्या, आवाज अगदी लहान मुलीचा.

"आये… शाळेची वेळ जाली का गो?"

जमुनामावशी मदरपेक्षा चांगली दहा वर्षांनी लहान. तिनं हात पदराला पुसले, खुर्चीजवळ आली आणि त्यांच्या पायांवर आपली गोधडी पसरली.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "नीज तू. हाय अजून टाइम."