करवंदाच्या वाइनची शेवटची बाटली

वाइनवरची चार जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत. प्रत्यक्ष चव घेणं ही माझ्या दृष्टीनं निव्वळ औपचारिकता होती!

बाबा असेपर्यंत मी तीही टाळली. नाशिकची द्राक्षाची वाइन काय, सगळेच पितात. बाबांना भलत्याच फळांचा नाद. दर उन्हाळ्यात घरी गुपचूप करवंदाची वाइन करायची आणि ग्लास माझ्यापुढे धरायचा. "सई, एक घोट घे." मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे, "पुढच्या वेळी."

गेल्या श्रावणात बाबा गेले.

परवा त्यांचे मित्र देवव्रतकाका देवळाली कॅम्पहून आले. तोफखान्यातून निवृत्त, एक कान गेला, पण जीभ शाबूत असल्याचा दावा.

"एक बाटली उरली असणार," ते म्हणाले. "तुझ्या आत्याला कळू नये म्हणून तुझा बाप ढुंढिराज ती द्राक्षासवाच्या बाटलीत भरून शब्दकोशांमागे ठेवायचा!"

यशोदा आत्या, बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते. घरात लसूणही चोरून आणावा लागतो. पण पचनासाठी द्राक्षासव रोज दोन चमचे, न चुकता. आत्या कीर्तनाला गेली होती. मी शब्दकोश हलवले. बाटली होती!

दोन ग्लास भरले. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ग्लास फिरवला, हुंगला, घोट घेतला.

"दालचिनी," मी म्हणाले. "वेलची. शेवटी मिरी."

"ढुंढिराजचा हात!" काकांनी ग्लास उंचावला. "लाखात ओळखेन!"

आम्ही दुसरा ग्लास भरला. तेवढ्यात दारात आत्या.

"अगं बाई! माझं औषध ग्लासानं पिताय? दोन चमचे घेतात ते! परवाच नवीन आणलंय!"

काकांनी ग्लास तोफेचा गोळा असल्यासारखा अलगद खाली ठेवला.

"आत्या, इथे आधी एक बाटली होती ना?"

"होती की. आवरताना सापडली." आत्या खुर्चीवर टेकली. "दादानं जायच्या आधी माझं औषध आणून ठेवलं होतं बघ. इतका भांडायचा, पण आठवण ठेवली. महिनाभर पुरवून घेतलं मी. तेव्हापासून बाटली तिथेच ठेवते."

काकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी मिटलं.

"चव कशी होती गं?" मी विचारलं.

"नेहमीची नव्हती. आधी आंबट, मग रानातल्या करवंदासारखी तुरट. घोट गेला की छातीत ऊब. दोन चमचे घेतले की दादाशी पुन्हा भांडावंसं वाटायचं." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच आवाज चढवला. "हे नवीन म्हणजे नुसता गुळाचा पाक! कुठल्या दुकानातून आणायचा गं तो?"

काका खाकरले.

"मी आणतो, ताई. पण मे महिन्याशिवाय मिळत नाही."

"औषधाला कसला आलाय हंगाम?"

"ह्याला असतो."

"मग दोन बाटल्या आणा," आत्या म्हणाली. "एक सईला. हल्ली धड जेवत नाही ती."

आम्ही दोघांनी गंभीरपणे मान डोलावली. करवंदाची वाइन कशी करतात, हे आम्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नाही!