काढून ठेवलेला कोट

जुन्या कपड्यांच्या बॅगा शिवायचा धंदा सुरू केल्यापासून ती स्वतःला उद्योजिका म्हणवून घेत होती. नवरा, म्हणजे कचेरीतला हेडक्लार्क, त्या धंद्याला चिंध्यांचा कारखाना म्हणे. खरं सांगायचं तर कारखान्याकडे अजून एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

पण आज नवरा निवृत्त होणार होता आणि निरोपाची भेट म्हणून त्याच्या साहेबांनी गुपचूप तिच्याकडूनच एक बॅग मागवली होती. पहिलीच ऑर्डर! ती फसली तर नवऱ्याचे टोमणे जन्मभर ऐकायचे होते. आणि मनाजोगं कापड काही केल्या सापडेना.

तेवढ्यात कामावर निघालेला नवरा दारातून ओरडला, "अगं, पलंगावर कोट काढून ठेवलाय. तेवढं बघ जरा!"

तो जुना तपकिरी कोट टाकून द्या म्हणून ती कित्येक वर्षं हात धुऊन मागे लागली होती. समारंभासाठी नवा शर्ट आणल्यावर गृहस्थाला उपरती झाली म्हणायची! तिला भरून आलं. डोळे पुसून तिने कात्री चालवली.

संध्याकाळी नवरा घरी आला. "कोट कुठाय?"

"अहो, तुम्हीच तर काढून ठेवला होता!"

"घालायला काढून ठेवला होता! बघ म्हणजे ब्रश मार!"

"मला वाटलं, टाकायला."

"टाकलास?"

ऑर्डर गुपचूप होती. "टाकला नाही," ती चाचरत म्हणाली, "सत्कारणी लावला."

"दानधर्माला माझाच कोट सापडला? डावा हात खिशात असल्याशिवाय मला भाषण सुचत नाही, माहितेय ना?"

समारंभात साहेबांनी बॅग दिली, टाळ्या पडल्या. हेडक्लार्क "मित्रहो" म्हणाला आणि गाडी तिथेच अडली. पहिल्या रांगेतली उद्योजिका खुर्चीच्या कडेला सरकली. त्याचा डावा हात चाचपडत चाचपडत बॅगेच्या बाहेरच्या खिशात शिरला आणि बोट सवयीने भोकातून आरपार गेलं.

त्याने बॅगेकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती छताचा पंखा न्याहाळत होती. त्यानंतर तो असा काही बोलत सुटला, की साहेब घड्याळ बघायला लागले. कार्यक्रम संपताच चौघीजणी बॅगांची चौकशी करत तिच्याभोवती जमल्या.

नवऱ्याने बॅग घरापर्यंत काखेत मारून आणली. दाराशी त्याला राहवलं नाही.

"कोट कापलास ते एक वेळ ठीक. पण खिशाचं भोक शिव म्हणून वर्षानुवर्षं सांगतोय. आज मशीनखाली घातलास, तरी नाही शिवलंस?"

"सांगत होता नवरा," उद्योजिका कुलूप उघडत म्हणाली. "गिऱ्हाईकाने काही सांगितलं नव्हतं."