दुसरा चेहरा

भागवत न्हाव्यानं वस्तरा पुसून आरसा पुढं धरला. सोमेश्वरनं त्यात पाहिलं, तेव्हा त्याला आधी वडील आठवले आणि लगेच नोकरी आठवली.

आज त्याच्या वडिलांचा, काकासाहेबांचा, दहावा होता. तीर्थपुरीच्या नदीकाठी सकाळपासून भावकी जमली होती. सोमेश्वरचे खांद्यापर्यंतचे केस आणि छातीवर रुळणारी दाढी वाळूत पडली होती. कॉलेजात असताना वाढवलेली ती दाढी वडिलांना, म्हणजे आबांना, कधीच आवडली नव्हती. "बैरागी झाला का बे," असं ते दर सुट्टीत विचारायचे. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर केस नव्हते. त्यांची आई गेली तेव्हा काढलेली मिशी त्यांनी पुन्हा ठेवली नव्हती.

"भागवत," सोमेश्वर हळूच म्हणाला, "थोडी दाढी राहू दिली असती तर जमलं नसतं का?"

"आता इचारतो का मालक? बापाच्या दहाव्याला अर्धी दाढी ठेवलेला माणूस मी अजून पाह्यला न्हाई."

सोमेश्वरनं उपरण्याखालून मोबाइल काढून ऑफिसची फाइल उघडायला चेहऱ्यासमोर धरला. पडद्यावर अक्षरं आली, 'ओळख पटली नाही'.

त्याची नोकरी पुण्याच्या कंपनीत होती. ही कंपनी लोकांचा कारभार दूरच्या भाड्याच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर, चालवून द्यायची. तिथं काही नवं उभं करायचं तर आधी प्लॅन फाइल तयार होते. काय बांधायचं आणि काय पाडायचं ते तिच्यात असतं, आणि डेटाबेसचे पासवर्डही त्यातच उघडे पडलेले असतात. वरिष्ठ जी फाइल मंजूर करतात तीच पुढं चालवायची, दुसरी चालत नाही. मागं सोमेश्वरनं अशी एक फाइल ऑफिसातल्या कोणीही उघडावी अशा जागी ठेवून दिली होती. तो वाढला त्या काळात गावात दाराला नुसती कडी असायची, तीही कुत्र्यासाठी. कुलपाचं महत्त्व त्याला जरा उशिरा कळलं. कंपनीनं त्याला शेवटची ताकीद दिली.

मग त्यानं असं कुलूप बनवलं की सगळे गप्प झाले. फाइल बंद तिजोरीत ठेवायची. ती तिजोरी त्याच्या मोबाइलवर त्याचा चेहरा दिसल्याशिवाय उघडायची नाही. नंबर टाकून उघडायची सोय त्यानं काढून टाकली, कारण नंबर कोणी चोरून पाहू शकतं. मोबाइलवर नवा चेहरा नोंदवला की तिजोरी कायमची बंद, मग थेट पुण्याला जायचं. तीनदा ओळख चुकली तरी तेच. आणि ठरल्या वेळेला फाइल आपोआप नष्ट. "ही तिजोरी उघडणारा चेहरा जगात एकच आहे," असं त्यानं भर बैठकीत सांगितलं होतं.

आजची फाइल संध्याकाळी सहाला नष्ट होणार होती. एका रुग्णालयाची सगळी नोंदणी त्या फाइलीतून नव्या संगणकांवर जायची होती, कारण जुने संगणक रात्री बंद होणार होते. हे काम चुकलं तर ताकीद मिळणार नव्हती, सरळ घरी बसावं लागणार होतं. आणि आता घर त्याच्या पगारावर होतं.

त्यात कावळा येईना. पिंड उन्हात सुकत चालले. भावकी आबांच्या राहिलेल्या इच्छा आठवून आठवून मोठ्यानं सांगू लागली. त्यानं धाकट्या बहिणीच्या, मीनाच्या, लग्नाचा शब्द दिला, विहिरीचं बांधकाम कबूल केलं. सोमेश्वर हात जोडून सगळ्याला हो म्हणत होता, डोळा मात्र घड्याळावर. शेवटी त्याची आत्या पुष्पाबाई पुढं झाली. आबांची ही थोरली बहीण.

"सोम्या, तूच काहीतरी बोल बाबा. तुझ्यात जीव अडकलाय त्याचा."

"आबा," सोमेश्वर म्हणाला, "जे राहिलं असंल ते करतो. पण सहाच्या आत घरी जाऊ द्या."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. बऱ्याच वेळानं एक कावळा आला आणि पिंडाला शिवून गेला.

घरी आल्यावर त्याची आई तुळजाबाई दारातच थबकली. त्याचं चकचकीत डोकं बघून तिनं पदर तोंडाला लावला. पुष्पाबाई म्हणाली, "काकासाहेबच आला की गं." मग दोघी रडायला बसल्या. त्यानंतर जो येई तो हेच म्हणे, आणि सोमेश्वरला ते ऐकवेना.

त्यानं पुण्याला प्रिया मॅडमना फोन केला. त्यांनी आधी सांत्वन केलं, मग विचारलं, "तुमच्याशिवाय कोणी उघडू शकत नाही ना?"

"न्हाई मॅडम."

"असं कुलूप कोणी बनवलं?"

ते त्यांनाही ठाऊक होतं.

धाकट्या मीनानं मार्ग काढला. गावच्या नाटकात ऋषीला लावायची दाढी आत्याच्या घरी पेटीत होती. दाढी पांढरी निघाली. मीनानं ती काजळानं काळी केली, डिंकानं भावाच्या गालांना चिकटवली आणि डोक्याला आईचं जुनं गंगावन गुंडाळलं. तेवढ्यात आष्टीचे पाहुणे दुखवट्याला दारात आले. त्यांनी दाढीवाल्या सोमेश्वरला पाहिलं, एकमेकांना पाहिलं आणि चहा न घेता उठले.

"उद्या आष्टीत बोलतील, बाप गेला आन् पोरगं नाटकात लागलं," पुष्पाबाई म्हणाली.

"बोलू दे आत्या. मीना, मोबाइल धर."

पुन्हा तेच, 'ओळख पटली नाही'. नदीवरची धरून दोनदा ओळख चुकली होती, आता एकच संधी उरली होती. सोमेश्वरनं दाढी ओढून काढली, तशी गालाची सालं निघाली. डिंक त्याच्या चष्म्याच्या काचांना लागला. मीना चष्मा धुवायला घेऊन गेली. तो ओसरीवर आबांच्या खुर्चीत बसला. त्याला आता पगार दिसत नव्हता, विहीर दिसत नव्हती आणि चष्म्याशिवाय समोरचा लिंबही नीट दिसत नव्हता.

मोबाइल वाजला. मॅडमचा निरोप होता, पण वाचता येईना.

"हा घे," तुळजाबाईनं कोनाड्यातला आबांचा चष्मा काढून दिला. बापलेकांचा नंबर जवळजवळ सारखाच होता. दांडी सैल झालेला तो चष्मा नाकावरून घसरला. शेंड्यावर आला तेव्हा सोमेश्वरनं हनुवटी वर करून, डोळे बारीक करून मोबाइल समोर धरला. निरोपाच्या मागं तिजोरीचा चेहरा विचारणारा पडदा चालूच राहिला होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

पडद्यावर हिरवी खूण उमटली.

त्यानं काही विचार न करता बटण दाबलं. फाइल चालू लागली. सहा वाजायच्या आत काम संपलं, आणि संपल्यावर तिजोरी कुणाचा चेहरा समजून उघडली ते त्याच्या ध्यानात आलं.

मागच्या पोळ्याला तो घरी आला होता. आबांना त्याच्या मोबाइलवर कुस्त्यांचे व्हिडिओ बघायचे असत आणि दर वेळी 'सोम्या, उघडून दे' असं चालायचं. वैतागून त्यानं मोबाइलमध्ये 'दुसरा चेहरा' म्हणून आबांचा चेहरा नोंदवून टाकला. तिजोरी त्यानंतर आली. जगात एकच चेहरा म्हणून तो बैठकीत छाती फुगवून बोलला, तेव्हा तीर्थपुरीच्या ओसरीवर एक म्हातारा ती तिजोरी उघडू शकत होता आणि पोरगं सुट्टीला आलं की त्याच मोबाइलवर कुस्त्या बघत होता.

सोमेश्वरनं मॅडमना फोन करून सगळं खरं सांगितलं.

"लेखी द्या," त्या म्हणाल्या. "वरती मी बोलते, नोकरी राहील. पण तो चेहरा आत्ताच्या आत्ता काढा."

मोबाइलमधले चेहरे काढायचं बटणही त्यानं कुलूप बनवताना तिजोरीच्या आतच ठेवलं होतं. काम संपताच तिजोरी परत बंद झाली होती, आणि सोमेश्वरनं चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"काय झालं रे?" तुळजाबाईनं विचारलं.

"आबाचा चेहरा पुसायला सांगितलाय. पण त्यासाठी बी आबाच लागतेत."

तुळजाबाईनं त्याच्या मांडीवरून चष्मा उचलला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या आणि स्वतःच्या हातानं त्याच्या डोळ्यांवर चढवला. मग बोटानं हळूच खाली ओढला.

"अजून खाली," ती म्हणाली. "ते तसाच घालायचे."